व्हीएममध्ये टीएससीचं घड्याळ: भरवसा कधी ठेवायचा आणि तो कसा तपासायचा

डेटाबेस प्रत्येक व्यवहारावर वेळ नोंदवतो, लॉगची प्रत्येक ओळ वेळेनं सुरू होते, नेटवर्कवरच्या प्रत्येक विनंतीला मुदत असते. गर्दीच्या सर्व्हरवर ‘आत्ता किती वाजले’ हा प्रश्न सेकंदाला लाखो वेळा विचारला जातो. उत्तर काही नॅनोसेकंदांत मिळालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण त्यासाठी दर वेळी हायपरवायझरचं (म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) दार ठोठवावं लागलं तर प्रोसेसरचा मोठा वाटा नुसता वेळ विचारण्यात जातो. म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये) टाइम स्टॅम्प काउंटर, म्हणजेच टीएससी, घड्याळ म्हणून वापरायची इच्छा होणं साहजिक आहे. तो वापरावाच, असं माझंही मत आहे. मात्र व्हीएमच्या आत बसून या काउंटरची खरी लायकी कळत नाही. ती होस्ट (प्रत्यक्ष यंत्र), हायपरवायझर आणि गेस्ट (व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टम) या तिघांच्या साखळीवर ठरते, त्यामुळे तपासणीही त्याच क्रमानं करावी लागते.

हा लेख इंटेल किंवा एएमडीचा ६४-बिट प्रोसेसर, होस्टवर केव्हीएम (लिनक्स कर्नेलमधला हायपरवायझर) आणि क्वेमू (व्हीएमच्या उपकरणांची नक्कल करणारा प्रोग्राम), आणि गेस्टमध्ये लिनक्स अशा मांडणीसाठी आहे. लिनक्सची कमांड लाइन थोडीफार हाताळलेली असली तर पुरे. आज्ञा, फाइली आणि फ्लॅगची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच, आणि अधोरेषेसह, टाइप करायची आहेत.

आधी काउंटरची ओळख

टीएससी हा प्रत्येक कोअरमधला ६४-बिट काउंटर. इंटेलनं तो १९९३ साली पेंटियमबरोबर आणला. ‘आरडीटीएससी’ या एका सूचनेनं तो वाचता येतो आणि त्यासाठी कर्नेलमध्ये शिरावं लागत नाही. ३ गिगाहर्ट्‌झच्या वेगानं मोजत राहिला तरी ६४ बिट भरायला साधारण १९५ वर्षं लागतात, म्हणून तो उलटून शून्यावर येईल ही काळजी नको.

तो घरच्या वीजमीटरसारखा आहे. नुसत्या एका आकड्याला अर्थ नसतो. दोन नोंदींमधला फरक आणि युनिटचा दर ठाऊक असेल तरच हिशेब लागतो, आणि मधेच मीटर बदलला तर नंतरच्या नोंदीतून आधीची वजा करून चालत नाही. टीएससीच्या बाबतीत दर म्हणजे काउंटरची फ्रिक्वेन्सी. व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर गेला की मीटरच बदललेला असतो.

सुरुवातीच्या प्रोसेसरांत हा काउंटर कोअरची प्रत्यक्ष सायकल मोजत असे. वीज वाचवायला कोअर मंदावला की काउंटरही मंदावायचा, कोअर गाढ झोपला की थांबायचा, आणि दोन सॉकेटच्या सर्व्हरवर दोन्हीकडचे आकडे जुळत नसत. ‘टीएससीवर विसंबू नका’ हा सल्ला त्या काळातला आहे आणि तेव्हा तो बरोबरच होता. पुढे काउंटरचा वेग स्थिर झाला, मग तो झोपेतही चालू राहू लागला. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या काउंटरला ‘इन्व्हेरियंट’ टीएससी म्हणतात. प्रोसेसर हे स्वतः जाहीर करतो: सीपीयूआयडी (प्रोसेसरची माहिती विचारण्याची सूचना) हिच्या हेक्स ८००००००७ या पानावर ईडीएक्स रजिस्टरचा ८ क्रमांकाचा बिट. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या सर्व्हर प्रोसेसरांत तो बिट लागलेला असतो.

वेग स्थिर असल्याचा एक परिणाम नवख्यांच्या ध्यानात येत नाही. आता टीएससी ‘सायकल’ मोजत नाही, वेळ मोजतो. टर्बोमध्ये कोअर कितीही वेगानं पळाला तरी काउंटर आपल्या ठरलेल्या गतीनंच चालतो. एखाद्या फंक्शनला किती सायकल लागल्या हे शोधायचं असेल तर टीएससी चुकीचं साधन आहे, त्यासाठी परफॉर्मन्स काउंटर वापरावेत.

पायरी १: होस्टपासून सुरुवात

बहुतेक जण गेस्टमध्ये लॉगिन करून तिथंच शोध सुरू करतात. होस्ट हाती असेल तर आधी तो बघा.

होस्टवर /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स० या फोल्डरमध्ये ‘करंट_क्लॉकसोर्स’ आणि ‘अव्हेलेबल_क्लॉकसोर्स’ अशा दोन फाइली असतात. पहिलीत कर्नेल सध्या कोणतं घड्याळ वापरतोय ते, दुसरीत कोणकोणती उपलब्ध आहेत ते. दोन्ही ‘कॅट’नं वाचा. होस्टवर पहिल्या फाइलीत ‘टीएससी’ दिसायला हवं.

तिथं ‘एचपेट’ किंवा ‘एसीपीआय_पीएम’ यांपैकी एखादं मंद घड्याळ दिसलं तर पुढच्या पायऱ्यांकडे वळण्याआधी तेच दुरुस्त करा. होस्टचा कर्नेल स्वतः टीएससीवर चालत असेल तरच केव्हीएम सगळ्या व्हीसीपीयूंना (व्हीएमला दिलेल्या आभासी प्रोसेसरांना) एकच सामायिक हिशेब देऊ शकतो. होस्ट एचपेटवर घसरला की त्याच्यावरच्या सगळ्या गेस्टची घड्याळंही मंद मार्गावर जातात, आणि गेस्टच्या आतून पाहणाऱ्याला कारणाचा पत्ता लागत नाही.

मग /प्रॉक/सीपीयूइन्फो मधल्या फ्लॅगच्या ओळीत ‘कॉन्स्टंट_टीएससी’ आणि ‘नॉनस्टॉप_टीएससी’ शोधा. पहिल्याचा अर्थ वेग स्थिर आहे, दुसऱ्याचा अर्थ झोपेत काउंटर थांबत नाही. होस्टवर दोन्ही हवेत. ‘टीएससी_अॅडजस्ट’ असेल तर आणखी चांगलं, कारण फर्मवेअरनं काउंटर मागे-पुढे सरकवला असेल तर कर्नेलला ते त्या रजिस्टरवरून ओळखता येतं.

शेवटी ‘डीमेसेज’च्या नोंदींत टीएससी हा शब्द शोधा. ‘डिटेक्टेड … मेगाहर्ट्‌झ प्रोसेसर’ आणि ‘रिफाइन्ड टीएससी क्लॉकसोर्स कॅलिब्रेशन’ या ओळी निरोगी आहेत. ‘मार्किंग क्लॉकसोर्स टीएससी अॅज अनस्टेबल’ किंवा ‘टीएससी वॉर्प बिट्वीन सीपीयूज’ दिसलं तर कर्नेलनं काउंटर बाद केला आहे. वॉर्प म्हणजे एका कोअरनं वाचलेला आकडा, त्याच्यानंतर वाचणाऱ्या दुसऱ्या कोअरच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला. म्हणजे वेळ मागे गेली. होस्टवर ही ओळ सहसा फर्मवेअरमधला दोष दाखवते, आणि बायोस अद्ययावत करणं हा पहिला उपाय.

पायरी २: हायपरवायझर मधे काय करतो ते समजून घ्या

गेस्टमध्ये आरडीटीएससी चालवली की सहसा हायपरवायझरकडे जावं लागत नाही. प्रोसेसरच उत्तर देतो, फक्त त्यात दोन फेरफार करून. होस्टच्या काउंटरला एका गुणकानं गुणलं जातं आणि त्यात एक ऑफसेट मिळवला जातो. ऑफसेटमुळे नव्यानं सुरू झालेल्या व्हीएमला आपला काउंटर शून्याजवळून सुरू झाल्यासारखा दिसतो. गुणकामुळे २.५ गिगाहर्ट्‌झचा टीएससी अपेक्षिणारा गेस्ट ३ गिगाहर्ट्‌झच्या होस्टवरही २.५ चाच वेग पाहतो.

ऑफसेटची सोय जुनी आहे. गुणकाची, म्हणजे टीएससी स्केलिंगची, सोय मात्र सगळ्या प्रोसेसरांत नसते. इंटेलमध्ये ती स्कायलेकच्या सर्व्हर आवृत्तीपासून दिसते. ती नसताना २.५ वर सुरू झालेला गेस्ट ३ गिगाहर्ट्‌झच्या होस्टवर नेला आणि तो कच्च्या टीएससीवर चालत असला, तर खऱ्या दहा मिनिटांत त्याचं घड्याळ बारा मिनिटं मोजेल. एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीला) एवढा फरक भरून काढता येत नाही, कारण ती दर दशलक्षात काही शे भागांपर्यंतच्या चुकीसाठी बनलेली आहे. इथं चूक वीस टक्क्यांची आहे.

हायपरवायझरनं ठरवलं तर प्रत्येक आरडीटीएससी अडवून स्वतः उत्तर देता येतं. ते बरोबर असतं, पण दर वाचनाला हजाराहून अधिक सायकल खर्च होतात आणि टीएससी वापरण्याचा हेतूच संपतो.

पायरी ३: गेस्टमध्ये काय दिसतं

आता गेस्टमध्ये त्याच फाइली वाचा. करंट क्लॉकसोर्सची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

‘एचपेट’ किंवा ‘एसीपीआय_पीएम’ हे गेस्टमधलं सर्वात वाईट उत्तर. पीएम टायमरची फ्रिक्वेन्सी ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे एका ठोक्याला साधारण २८० नॅनोसेकंद, पण अडचण तेवढ्या ढोबळपणाची नाही. दोन्ही उपकरणांची नक्कल क्वेमू हा होस्टवरचा साधा प्रोग्राम करतो. त्यामुळे प्रत्येक वाचनाला गेस्टमधून बाहेर पडून, केव्हीएममधून जाऊन, क्वेमूपर्यंत पोचून परत यावं लागतं. घड्याळाच्या अशा एका बदलामुळे प्रोग्रामचा वेग निम्म्यावर येऊ शकतो.

‘केव्हीएम-क्लॉक’ हे सर्वाधिक दिसणारं उत्तर. त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

‘टीएससी’ दिसलं तर गेस्टचा कर्नेल काउंटर थेट वाचतोय. हायपर-व्ही या दुसऱ्या हायपरवायझरवर ‘हायपरव्ही_क्लॉकसोर्स_टीएससी_पेज’ आणि झेन या तिसऱ्यावर ‘झेन’ अशी नावं दिसतील.

सीपीयूइन्फोमधले फ्लॅगही बघा. गेस्टमध्ये अनेकदा ‘कॉन्स्टंट_टीएससी’ असतो आणि ‘नॉनस्टॉप_टीएससी’ नसतो. प्रोसेसर तोच असताना असं का? ‘कॉन्स्टंट’ हा फ्लॅग इंटेलच्या प्रोसेसरवर कर्नेल मॉडेलच्या क्रमांकावरूनही लावतो, पण ‘नॉनस्टॉप’ला तो ८ क्रमांकाचा इन्व्हेरियंट बिटच लागतो. क्वेमू तो बिट मुद्दाम झाकून ठेवतं, कारण उद्या हा व्हीएम दुसऱ्या वेगाच्या होस्टवर गेला तर ‘वेग कधीच बदलणार नाही’ हे वचन मोडेल. म्हणून बिट न दिसणं हा दोष समजू नका. हायपरवायझर जेवढं पाळू शकतो तेवढंच बोलतोय.

पायरी ४: केव्हीएम-क्लॉक की टीएससी, हे ठरवा

‘केव्हीएम-क्लॉक मंद, टीएससी जलद’ असं सरसकट सांगितलं जातं. मला ही मांडणी पटत नाही, कारण केव्हीएम-क्लॉकसुद्धा आतून टीएससीच वाचतो.

त्याचं काम असं चालतं. गेस्ट बूट होताना आपल्या स्मृतीतला एक छोटा तुकडा होस्टला दाखवून ठेवतो. होस्ट त्यात चार गोष्टी लिहितो: अमुक क्षणी टीएससी किती होता, त्याच क्षणी वेळ किती नॅनोसेकंद होती, आणि काउंटरचे ठोके नॅनोसेकंदांत बदलायला लागणारे गुणक व शिफ्ट. गेस्ट आरडीटीएससी करतो, लिहिलेला आकडा वजा करतो, शिफ्ट करून गुणतो, ३२ बिट उजवीकडे सरकवतो आणि लिहिलेली वेळ त्यात मिळवतो. सोबत आवृत्तीचा एक अंक असतो. होस्ट मजकूर बदलत असताना तो विषम असतो, आणि गेस्टला विषम अंक दिसला किंवा वाचनाच्या आधीचा-नंतरचा अंक वेगळा निघाला, तर गेस्ट पुन्हा वाचतो.

म्हणजे काउंटर तोच, वाचनाची सूचना तीच. फरक एवढाच की दर कोण सांगतो. टीएससी क्लॉकसोर्समध्ये गेस्टच्या कर्नेलला वेग एकदाच कळतो आणि तो कायम धरला जातो. केव्हीएम-क्लॉकमध्ये होस्ट दर बदलून लिहू शकतो. व्हीएम दुसऱ्या होस्टवर गेला की नवा होस्ट नवे आकडे लिहितो आणि गेस्टची वेळ सरळ पुढे चालू राहते.

त्या तुकड्यात ‘टीएससी स्टेबल’ नावाचा एक फ्लॅगही असतो. तो लागलेला असेल तर वेगवेगळ्या व्हीसीपीयूंची उत्तरं आपसांत जुळतात आणि व्हीडीएसओमार्फत, म्हणजे कर्नेलमध्ये न शिरता, वेळ वाचता येते. तो नसेल तर वेळ मागे जाऊ नये म्हणून गेस्टला सगळ्या व्हीसीपीयूंमध्ये मिळून ‘आजवर दिलेली सर्वात मोठी वेळ’ जपावी लागते, आणि प्रत्येक वाचन सिस्टम कॉल होतं. ‘केव्हीएम-क्लॉक मंद’ ही तक्रार सहसा याच अवस्थेतून आलेली असते. तिचं मूळ होस्टच्या क्लॉकसोर्समध्ये असतं, म्हणून पहिली पायरी होस्टची.

माझा सल्ला असा. व्हीएमचं लाइव्ह मायग्रेशन (चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर नेणं) होत असेल, किंवा होतं की नाही हे तुमच्या हातात नसेल, तर केव्हीएम-क्लॉकच ठेवा आणि तो स्थिर अवस्थेत आहे एवढंच पाहा. व्हीएम एकाच होस्टला बांधलेला असेल, किंवा सगळे होस्ट एकाच वेगाचे अथवा स्केलिंगची सोय असलेले असतील, तर इन्व्हेरियंट बिट उघडा करून टीएससी वापरा. मिळणारा फायदा प्रत्येक वाचनामागे थोड्याच नॅनोसेकंदांचा असतो, पण घड्याळाच्या वाटेतला एक थर कमी होतो आणि त्यामुळे अडचण शोधणं सोपं जातं.

पायरी ५: इन्व्हेरियंट टीएससी चालू करा

लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळण्याचं साधन) वापरत असाल तर ‘विरश एडिट’नं व्हीएमचं वर्णन उघडा. सीपीयूच्या घटकात मोड ‘होस्ट-पासथ्रू’ ठेवून आत एक फीचर लिहा: पॉलिसी ‘रिक्वायर’, नाव ‘इन्व्हटीएससी’. क्वेमू थेट चालवत असाल तर सीपीयूच्या पर्यायात ‘होस्ट’नंतर स्वल्पविराम देऊन ‘इन्व्हटीएससी=ऑन’ लिहा. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. गेस्टच्या आतून रीबूट केल्यानं क्वेमूची जुनीच प्रक्रिया चालू राहते आणि बदल लागू होत नाही.

हे केल्यावर क्वेमू त्या व्हीएमचं मायग्रेशन अडवतं. वर सांगितलेल्या वचनामुळेच ते असं करतं. मायग्रेशन हवंच असेल तर फ्रिक्वेन्सी स्पष्ट लिहून द्यावी लागते: लिबव्हर्टमध्ये क्लॉकच्या घटकात टीएससी नावाचा टायमर आणि त्याची फ्रिक्वेन्सी हर्ट्‌झमध्ये. मग दुसऱ्या होस्टला तोच वेग देता येतो का हे तपासलं जातं, आणि येत असेल तरच व्हीएम तिकडे जातो. दोन होस्टच्या वेगातला अगदी बारीक फरक केव्हीएम एकच मानतो. त्याची मूळ मर्यादा दर दशलक्षात २५० भाग अशी आहे.

गेस्ट वर आला की क्लॉकसोर्स पुन्हा वाचा. बहुधा तुम्ही काहीही न करता तो ‘टीएससी’ झालेला असेल. कर्नेल प्रत्येक घड्याळाला गुण देतो आणि सर्वाधिक गुणांचं घड्याळ निवडतो. टीएससीला ३००, केव्हीएम-क्लॉकला ४००. पण स्थिर, न थांबणारा टीएससी दिसला की आजचे कर्नेल केव्हीएम-क्लॉकचे गुण स्वतःहून २९९ वर आणतात.

तसं झालं नसेल तर रूट म्हणून ‘टीएससी’ हा शब्द ‘इको’नं करंट_क्लॉकसोर्स फाइलीत लिहा. बदल लगेच लागू होतो आणि रीबूटनंतर जातो. कायमचा हवा असेल तर कर्नेलच्या बूट ओळीत ‘क्लॉकसोर्स=टीएससी’ घाला. अॅमेझॉनच्या ईसी२ सेवेतल्या झेनवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांवर हाच बदल फार उपयोगी ठरला होता. तिथं मूळ घड्याळ ‘झेन’ असे, त्याला व्हीडीएसओचा मार्ग नव्हता आणि प्रत्येक वेळ-वाचन सिस्टम कॉल होत असे. २०१७ पासून आलेली नायट्रो यंत्रं केव्हीएमवर आधारलेली असल्यामुळे तिथं तो प्रश्न उरला नाही.

पायरी ६: वॉचडॉगचं ऐका, पण समजून

कर्नेलमध्ये क्लॉकसोर्सवर नजर ठेवणारा वॉचडॉग असतो. दर अर्ध्या सेकंदाला तो टीएससीची तुलना दुसऱ्या घड्याळाशी करतो आणि फरक मर्यादेबाहेर गेला की टीएससी बाद करतो. जुन्या कर्नेलांत ही मर्यादा ६२.५ मिलिसेकंद होती. प्रत्यक्ष यंत्रावर हा पहारेकरी मोलाचा आहे.

व्हीएममध्ये तो कधी कधी चुकतो. दोन घड्याळं तो एकापाठोपाठ वाचतो, आणि नेमकं त्या दोहोंच्या मधे होस्टनं व्हीसीपीयू बाजूला ठेवून दुसऱ्याला वेळ दिला, तर दोन्ही घड्याळं बरोबर असूनही फरक पडल्यासारखं दिसतं. नंतरचे कर्नेल यासाठी वाचन पुन्हा करून बघतात, तरी होस्टवर फार गर्दी असेल तर खोटा इशारा येऊ शकतो.

यावर इंटरनेटवर सर्रास मिळणारा उपाय म्हणजे बूट ओळीत ‘टीएससी=रिलायबल’ लिहिणं. त्यानं काउंटर विश्वासार्ह होत नाही, वॉचडॉग तेवढा बंद होतो. होस्टचा क्लॉकसोर्स टीएससी आहे, गेस्टला इन्व्हेरियंट बिट दिलेला आहे आणि मायग्रेशनचा प्रश्न सुटलेला आहे, हे तिन्ही स्वतः पाहिलं असेल तरच तो पर्याय लावा. यातलं एखादंही ठाऊक नसेल तर तो इशारा खराही असू शकतो.

पायरी ७: प्रोग्राममध्ये वेळ कशी वाचायची

पहिलं उत्तर साधं आहे: ‘क्लॉक_गेटटाइम’ वापरा. कालावधी मोजायचा असेल तर ‘क्लॉक_मोनोटॉनिक’, तारीख-वेळ हवी असेल तर ‘क्लॉक_रिअलटाइम’. क्लॉकसोर्स ठीक असेल तर ही हाक व्हीडीएसओमधूनच पुरी होते आणि काही दहा नॅनोसेकंदांत परतते. आत तीच आरडीटीएससी असते, पण वेगाचं रूपांतर, एनटीपीची दुरुस्ती आणि क्लॉकसोर्स बदलला तर सावरणं हे सगळं कर्नेल सांभाळतो. खात्रीसाठी प्रोग्राम सिस्टम कॉल दाखवणाऱ्या ‘एसट्रेस’खाली चालवा. क्लॉक_गेटटाइमच्या ओळींचा पूर आला तर व्हीडीएसओचा मार्ग बंद आहे असं समजून पायरी १ कडे परत जा.

कच्चा काउंटर वाचायचाच असेल, म्हणजे फार छोटे कालावधी मोजायचे असतील किंवा ट्रेसिंगचं साधन लिहायचं असेल, तर पुढच्या गोष्टी सांभाळा.

आरडीटीएससी आजूबाजूच्या सूचनांचा क्रम पाळत नाही. प्रोसेसर ती आधी किंवा नंतर चालवू शकतो, आणि मोजायचं काम मोजमापाबाहेर पडू शकतं. म्हणून वाचनाच्या आधी ‘एलफेन्स’ ही क्रम राखणारी सूचना द्या. शेवटच्या वाचनाला ‘आरडीटीएससीपी’ वापरून त्यानंतर एलफेन्स देणं ही रूढ रीत आहे. आरडीटीएससीपी आपल्या आधीच्या सूचना संपण्याची वाट पाहते आणि कोणत्या कोअरवर आहोत हेही सांगते, पण पुढच्या सूचनांना ती रोखत नाही.

काउंटरचे वरचे आणि खालचे ३२ बिट दोन वेगळ्या रजिस्टरांत येतात. सी भाषेत स्वतःची असेंब्ली लिहिणाऱ्यांनी ३२-बिट काळातलं ‘ए’ हे बंधन ६४-बिटमध्ये वापरू नये, कारण तिथं ते दोन रजिस्टरांची जोडी देत नाही आणि अर्धा आकडा हरवतो. नुसता खालचा भाग ३ गिगाहर्ट्‌झवर दर १.४३ सेकंदाला उलटतो, त्यामुळे छोट्या चाचण्यांत ही चूक दिसत नाही. कंपायलरनं दिलेलं तयार फंक्शन वापरलं की हा प्रश्नच येत नाही.

ठोक्यांचे नॅनोसेकंद करताना ‘ठोके गुणिले एक अब्ज भागिले फ्रिक्वेन्सी’ असं सरळ लिहिलं तर ३ गिगाहर्ट्‌झवर सहा सेकंदांहून जरा मोठ्या कालावधीलाच ६४ बिट अपुरे पडतात. १२८-बिट गुणाकार करा, किंवा कर्नेल करतो तसा गुणक आणि शिफ्ट वापरा.

फ्रिक्वेन्सी सीपीयूइन्फोमधल्या मेगाहर्ट्‌झच्या आकड्यावरून घेऊ नका. तो कोअरचा सध्याचा वेग असू शकतो, टीएससीचा नव्हे. काही प्रोसेसर सीपीयूआयडीच्या हेक्स १५ या पानावर क्रिस्टलशी असलेलं गुणोत्तर देतात, पण गेस्टमध्ये ते पान रिकामं असू शकतं. कर्नेलचा स्वतःचा गुणक आणि शिफ्ट ‘पर्फ’ इव्हेंटच्या सामायिक पानावर मिळतात, आणि तो मार्ग मला सर्वात भरवशाचा वाटतो. नाहीतर क्लॉक_मोनोटॉनिक_रॉ शी तुलना करून वेग स्वतः काढा, मात्र पुरेसा वेळ देऊन. दोन्ही टोकांच्या वाचनात मिळून एक मायक्रोसेकंद चूक धरली, तर १० मिलिसेकंदांच्या तुलनेत दर दशलक्षात १०० भागांची चूक राहते, आणि एका सेकंदाच्या तुलनेत फक्त १ भागाची.

व्हीएममध्ये आणखी एक गोष्ट. होस्टनं व्हीसीपीयू बाजूला ठेवला तरी टीएससी चालूच राहतो. त्यामुळे तुमच्या दोन वाचनांमधल्या कालावधीत इतरांनी घेतलेला वेळही धरला जातो. ‘टॉप’मध्ये ‘एसटी’चा (इतरांनी घेतलेल्या वेळेचा) आकडा वर असेल तर मोजमापात अधूनमधून मिलिसेकंदांचे सुळके दिसतील. ती काउंटरची चूक नाही. सरासरीऐवजी मध्यक आणि किमान मूल्य बघा, म्हणजे चित्र स्वच्छ दिसेल.

पायरी ८: भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा

टीएससी गती देतो, तारीख देत नाही. त्याची गतीही शेवटी क्रिस्टलची आहे. दर दशलक्षात ५० भाग चुकणारं घड्याळ दिवसाला ४.३२ सेकंद हलतं. म्हणून गेस्टमध्ये क्रोनी (एनटीपीनं वेळ जुळवणारा प्रोग्राम) चालवाच.

केव्हीएमवर नेटवर्कशिवायही चांगली सोय आहे. गेस्टमध्ये ‘पीटीपी_केव्हीएम’ हे मोड्यूल लोड करा. त्यानं पीटीपीचं (वेळ अचूक जुळवण्याच्या पद्धतीचं) एक उपकरण तयार होतं, आणि गेस्टला होस्टची वेळ थेट विचारता येते. क्रोनीच्या रचनेत ‘रेफक्लॉक पीएचसी’ अशी ओळ घालून त्यापुढे त्या उपकरणाचा मार्ग द्या. मात्र होस्ट स्वतः वेळेशी जुळलेला हवा, नाहीतर सगळे गेस्ट एकसारखेच चुकतील.

केव्हीएम-क्लॉकवरचा व्हीएम थांबवून बऱ्याच वेळानं चालू केला तर तारीख-वेळ मागे राहिलेली असते. क्रोनीचं नेहमीचं ‘मेकस्टेप १ ३’ पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच उडी मारू देतं. ‘मेकस्टेप १ -१’ केव्हाही मारू देतं. वेब सर्व्हरसाठी दुसरं चालेल. डेटाबेससाठी मी पहिलंच ठेवतो आणि असा व्हीएम थांबवून ठेवण्याऐवजी नीट बंद करून सुरू करतो, कारण चालू व्यवहारांच्या मध्ये वेळेनं उडी मारणं परवडत नाही.

थोडं इतर यंत्रांबद्दल

हायपर-व्हीचं टीएससी पान केव्हीएम-क्लॉकच्याच कल्पनेवर चालतं, फक्त वेळ १०० नॅनोसेकंदांच्या एककात. एआरएमवर टीएससी नाही. तिथं जेनेरिक टायमरचा व्हर्च्युअल काउंटर असतो, त्याचा ऑफसेट हायपरवायझर ठरवतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी एका वेगळ्या रजिस्टरमध्ये वाचता येते. होस्टवर विश्वासच ठेवायचा नाही अशा गोपनीय व्हीएममध्ये मात्र केव्हीएम-क्लॉक चालत नाही, कारण त्यात दर होस्ट सांगतो. म्हणून इंटेलच्या टीडीएक्समध्ये आणि एएमडीच्या ‘सिक्युअर टीएससी’मध्ये गेस्टच्या काउंटरची गती होस्टला बदलता येत नाही.

पायरी ९: कामाला लावण्याआधी तीन चाचण्या

पहिली: जेवढे व्हीसीपीयू तेवढे थ्रेड, प्रत्येक एकेका व्हीसीपीयूला बांधलेला. लॉक घेऊन काउंटर वाचायचा, आधीच्या थ्रेडनं ठेवलेल्या आकड्याशी तुलना करायची, आपला आकडा ठेवून लॉक सोडायचा. दहा मिनिटं चालवा. एकदाही आकडा मागे गेला तर तो व्हीएम कच्च्या टीएससीसाठी नापास.

दुसरी: गेस्टमध्ये दर सेकंदाला मोनोटॉनिक आणि रिअलटाइम दोन्ही वेळा छापणारा प्रोग्राम लावा आणि होस्टवरून ‘विरश सस्पेंड’ देऊन मिनिटभरानं ‘विरश रिझ्यूम’ द्या. क्वेमू थांबताना केव्हीएम-क्लॉकचं मूल्य जपून ठेवतं आणि चालू होताना तेच परत बसवतं. टीएससी मात्र होस्टवर चालतच राहतो, म्हणून टीएससीवरच्या गेस्टमध्ये मोनोटॉनिक वेळ एकदम मिनिटभर पुढे गेलेली दिसते. तुमच्या प्रोग्राममधल्या मुदती या दोन्हींपैकी कोणत्या वागण्यावर तगतात ते इथं कळेल.

तिसरी: मायग्रेशन वापरत असाल तर तोच प्रोग्राम चालू ठेवून व्हीएम दुसऱ्या होस्टवर न्या, अर्धा तास तिथं ठेवा आणि परत आणा. छापलेल्या ओळींत मोनोटॉनिक वेळ कुठं मागे गेली का ते बघा. मग प्रत्येक टप्प्यानंतर क्रोनीच्या ‘ट्रॅकिंग’ अहवालात फ्रिक्वेन्सीचा आकडा पाहा. जाण्याआधी तो दर दशलक्षात काही भाग असेल आणि नव्या होस्टवर शेकड्यांत गेला, तर गुणक नीट लागलेला नाही. त्या होस्टची जोडी मायग्रेशनच्या यादीतून काढा, किंवा गेस्टला केव्हीएम-क्लॉकवर परत न्या.